नाव झाकून लिहायचं असेल तर

टोपणनाव शोधायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या. ज्यांनी तुमचा ब्लॉग वाचला तर तुमच्या पोटात गोळा येईल, अशा माणसांची नावं त्यावर लिहा. 'लोक', 'समाज', 'नातेवाईक' असलं काही चालणार नाही, नावंच हवीत. बहुतेकांची यादी चार-पाच नावांत संपते. एखादी जाऊ असते, एखादा जुना मित्र, साहेब, आई. मग कागद फाडून टाका, यादी डोक्यात ठेवा. ईमेल कोणता उघडायचा इथपासून कोणतं वाक्य गाळायचं इथपर्यंत पुढचं सगळं याच यादीवरून ठरणार आहे. सगळ्या जगापासून लपायचं तर आयुष्य त्यातच जाईल. जावेपासून लपायची तऱ्हा वेगळी आणि साहेबापासून लपायची वेगळी.

यादीत सरकार, पोलीस किंवा हात उगारणारं माणूस असेल, तर माझं ऐकून थांबू नका. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स अशा संस्थांनी त्यासाठी खास मार्गदर्शन लिहून ठेवलं आहे. तिथे चूक परवडत नाही. मी सांगते आहे ते ज्यांची अडचण घरातली, नात्यातली किंवा नोकरीतली आहे त्यांच्यासाठी.

मी पोटापाण्यासाठी मुद्रितशोधन करते. टोपणनावाने एक ब्लॉगही लिहिते, घरातल्या एका लांबलेल्या आजारपणाबद्दल. या लेखातही माझ्याविषयीचा एक तपशील बदललेला आहे. कोणता, ते विचारू नका.

आधी एक घोळ दूर करू. टोपणनाव घेतलं म्हणजे माणूस निनावी झाला, असं नाही. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते नाव मिरवायला होतं, लपायला नव्हतं. लपण्यासाठी घेतलेलं नाव उलट अगदी बेतास बात हवं. आजोळचं गाव, आवडता राग, शाळेतलं चिडवायचं नाव, मुलांच्या नावातली अक्षरं यातलं त्यात काही येता कामा नये. ते नाव पूर्वी कुठे खेळात, खरेदीच्या खात्यावर किंवा एखाद्या गटात वापरलेलं नको. कुणाच्या लक्षातच राहणार नाही असं नाव चांगलं.

आता मुख्य गोष्ट. निनावी झालं की मोकळेपणाने लिहिता येतं, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. स्वतःच्या नावाने लिहिताना माणूस मतं गिळतो, निनावी लिहिताना तपशील गिळतो. नाव लावलं तर 'मला बाबांचा राग येतो' हे लिहिणं जड जातं. नाव काढलं की ते सहज लिहिता येतं, पण बाबा कुठे बसतात, कोणता शब्द वारंवार विचारतात, त्यांच्या चष्म्याची काडी कशाने बांधली आहे, हे लिहिताना हात थांबतो. आणि लेखन जिवंत होतं ते त्या काडीमुळे. म्हणून निनावी ब्लॉग घ्यायचा की नाही, हे ठरवताना स्वतःला विचारा, की मतं सोडणं परवडेल की तपशील? पाककृती, प्रवास, पुस्तकं यांवर लिहिणाऱ्याला तपशील सोडून चालणारच नाही. त्याने सरळ नावाने लिहावं आणि दोन-चार मतं पोटात ठेवावीत. आजारपण, संसार, नोकरी, श्रद्धा यांवर लिहिणाऱ्याने मात्र झाकायची कला शिकून घ्यावी.

यंत्राची बाजू

ही बाजू लोकांना फार अवघड वाटते. खरं तर हे एका दुपारचं काम आहे.

ब्लॉगसाठी वेगळा ईमेल काढा. खातं परत मिळवण्यासाठी तुमचा रोजचा ईमेल किंवा फोन नंबर त्याला जोडू नका. नंबर जोडला की तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांच्यापुढे 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून ते खातं येऊ शकतं. सुरक्षा-प्रश्नांची उत्तरं खरी देऊ नका. शाळेचं नाव अख्ख्या कुटुंबाला माहीत असतं. ब्राउझरमध्ये ब्लॉगपुरतं वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे रोजच्या खात्यातून चुकून लिहिलं जाणार नाही. कचेरीच्या संगणकावर किंवा कचेरीच्या वायफायवर ब्लॉग उघडूसुद्धा नका.

स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतंत्र पत्ता, घेणार असाल, तर नोंदणी करतानाच मालकाचे तपशील झाकण्याची सोय चालू करा. नंतर चालू करून फार उपयोग नाही. जुन्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या सेवा आहेत आणि नाव एकदा तिथे गेलं की तिथेच राहतं. वाचकसंख्या मोजणारी सेवा वापरत असाल, तर तिचं खातंही वेगळं हवं. 2011 मध्ये अँडी बायो या अमेरिकी लेखकाने दाखवून दिलं, की निनावी ब्लॉगच्या पानातला गूगल अ‍ॅनालिटिक्सचा क्रमांक त्याच माणसाच्या नावानिशी चालणाऱ्या दुसऱ्या साइटवर सापडला की खेळ संपतो. क्रमांक पानाच्या मजकुरामागे उघडाच असतो. तो शोधायला तज्ज्ञ लागत नाही, रिकामा वेळ लागतो.

फोटोंबद्दल जरा कडक राहा. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल आणि बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांश असतात. 2012 च्या डिसेंबरमध्ये जॉन मॅकाफी हा अँटिव्हायरसवाला फरार होता. त्याला भेटलेल्या मासिकाने त्याचा फोटो टाकला आणि तो ग्वाटेमालात असल्याचं फोटोतल्या त्या आकड्यांनीच सांगितलं. आयुष्यभर संगणकाच्या सुरक्षेवर जगलेल्या माणसाची ही गत! फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो चढवला, तर ही माहिती बहुतेक गळून पडते. पण फोटोत दिसतं ते गळत नाही. खिडकीबाहेरची टाकी, पडद्याचं कापड, टेबलावरच्या औषधाच्या पाकिटावर चिकटवलेलं नाव, हे सगळं तिथेच असतं. घरातल्या माणसाला पडद्याचं कापड पुरतं. मी फोटो टाकतच नाही.

लेख लिहून झाला की लगेच प्रसिद्ध करू नका, वेळ लावून ठेवा. रात्री बाराला घरात तुमच्या खोलीत दिवा असतो आणि बारा-पाचला ब्लॉगवर लेख येतो, हे एकाच छताखालच्या माणसाच्या लक्षात येतं.

एवढं करून सांभाळायची राहते ती जीभ. 2013 मध्ये जे. के. रोलिंग यांनी पुरुषी टोपणनावाने लिहिलेली रहस्यकथा उघडी पडली. त्यात संगणकाने केलेल्या शैलीच्या तपासाची बातमी खूप गाजली, पण पहिली कुणकुण लागली ती त्यांच्या वकिलांच्या कचेरीतल्या एका भागीदाराने पत्नीच्या मैत्रिणीला विश्वासाने सांगितलं म्हणून. 'फक्त तुला सांगतेय' असं म्हणून ब्लॉगचा पत्ता कुणालाही देऊ नका. द्यायचाच असेल, तर ते माणूस यादीतल्या कुणाशी बोलतं, ते आधी बघा.

भाषेची बाजू

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे आणि याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

माझ्याकडे हस्तलिखित आलं, की मुखपृष्ठावर नाव नसलं तरी पाच पानांत नेहमीचा लेखक ओळखता येतो. एक जण दर तिसरा परिच्छेद 'मुळात'ने सुरू करतो. एक बाई पूर्णविरामाऐवजी दोन टिंबं देतात. तीन नाही, दोनच. कुणी 'जाऊया' लिहितं, कुणी 'जाऊयात'. कुणी 'आली आहे', कुणी 'आलीये'. एका विद्वान गृहस्थांना 'आणि'चा इकार आजवर ऱ्हस्व लिहिता आलेला नाही. माणूस विषय बदलतो, मतं बदलतो, पण या सवयी बदलत नाही, कारण त्या आहेत हेच त्याला माहीत नसतं.

याचं शास्त्रही जुनं आहे. 1787-88 मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने वृत्तपत्रांत 'पब्लियस' या टोपणनावाने लेख आले. त्यातले बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशेहून अधिक वर्षं चालला. 1964 मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी तो जवळपास मिटवला. त्यांनी विचारांकडे पाहिलंच नाही. आपल्या 'वर', 'तर', 'मात्र' यांच्यासारखे अगदी बारीक शब्द कोण किती वेळा वापरतो, एवढंच मोजलं, आणि बाराही लेख मॅडिसनच्या पारड्यात गेले.

घरातल्या माणसाला तर मोजावंही लागत नाही. अमेरिकेत 1978 पासून टपालाने बाँब पाठवणारा माणूस एफबीआयला सतरा वर्षं सापडत नव्हता. 1995 मध्ये त्याचा लांबलचक जाहीरनामा वृत्तपत्रात छापून आला. संशय आधी आला तो त्याच्या भावजयीला. मग भावाने वाचला आणि त्यातली शब्दयोजना ओळखली. उदाहरण भयंकर आहे, मान्य. पण यादीत घरची माणसं असतील, तर तुमचा सामना कुणाशी आहे ते यावरून कळावं.

उपाय असा. तुमचे जुने ईमेल आणि लांब निरोप काढा आणि परक्या माणसाने लिहिल्यासारखे वाचा. वारंवार येणारे दहा शब्द किंवा लकबी वेगळ्या लिहून ठेवा. ब्लॉगचा लेख पूर्ण झाला, की त्यात त्या शोधून काढा. लिहिताना नाही, नंतर. लिहिताना लकबींवर पहारा ठेवला तर लिहिणंच थांबतं. घरातच चालणारे शब्द, म्हणजे आजीची म्हण किंवा बाळबोल, हे तर निर्दयपणे काढा. आणि जे वाक्य तुम्ही आधी कुठे स्वतःच्या नावाने लिहिलं आहे, ते कितीही लाडकं असलं तरी पुन्हा वापरू नका. अवतरण चिन्हांत घालून शोधलं, की दोन्ही जागा शेजारी शेजारी येतात.

मराठीत आणखी एक पंचाईत आहे. क्रियापद बोलतं. 'मी गेले' म्हटलं की बाई, 'मी गेलो' म्हटलं की पुरुष. काही भागांत बायकाही 'मी आलो' म्हणतात, पण मग भाग कळतो. लिंग झाकायचंच असेल, तर व्याकरणात फटी आहेत. सकर्मक भूतकाळ कर्त्याकडे पाहत नाही, त्यामुळे 'मी वाचलं', 'मी पाहिलं', 'मी दार लावलं' यांत काही कळत नाही. भविष्यकाळातलं 'मी जाईन' आणि जुन्या सवयीचं 'मी जात असे' दोन्ही सुरक्षित. 'मी म्हणाले'ऐवजी 'मी म्हटलं'. 'मी एकटी होते'ऐवजी 'सोबत कुणी नव्हतं'. 'विसरणे' आणि 'शिकणे' ही क्रियापदं मात्र कर्म असूनही दगा देतात. 'मी किल्ली विसरले' लिहिलं की संपलं. तिथे 'किल्ली घरीच राहिली' लिहावं लागतं.

हे जमतं, पण माझं मत विचाराल तर करू नये. दोन परिच्छेद ठीक जातात. तिसऱ्यापासून वाक्यं अंग चोरायला लागतात आणि वाचकाला काहीतरी खटकत राहतं. बाई आहे एवढं कळल्याने अर्धं जग उरतंच. यादीतल्या कुणासाठी तेवढंच पुरेसं असेल, तरच हा खटाटोप करा.

नात्याचे शब्द याहून धोक्याचे. 'जाऊ' लिहिलंत की लिहिणारी बाई आहे, लग्न झालेलं आहे, नवऱ्याला भाऊ आहे आणि त्या भावाचंही लग्न झालं आहे, एवढं एका शब्दात कळलं. 'धाकटा मामा' म्हटलं की मामे एकाहून जास्त. 'मोठ्या आत्या' म्हटलं की आजोबांच्या मुलींची मोजदाद सुरू झाली. आदरार्थी बहुवचनही तसंच. साहेबांना 'ते' म्हणता की 'तो', यावरून वय आणि सलगी दोन्ही कळतात. म्हणून नातं लिहा, पण क्रम लिहू नका. 'थोरली', 'मधली', 'धाकटी', 'एकुलती' हे चार शब्द माझ्या ब्लॉगवर येत नाहीत.

तपशील कसे बदलावेत

प्रत्येक तपशील एकेकटा निरुपद्रवी वाटतो. गोची बेरजेत आहे. लतान्या स्वीनी या संशोधिकेने 2000 च्या सुमारास हिशेब मांडला होता, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा टपाल विभाग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येतात. ब्लॉगवर हे तीन तपशील एका लेखात कुणी देत नाही, पण तीन वर्षांत सुट्टे सुट्टे देतो. वाढदिवसाच्या लेखावर तारीख असते, पावसाच्या लेखात परिसर असतो. म्हणून एक वही करा आणि आजवर काय काय उघड केलं आहे, ते तिच्यात टिपून ठेवा. नवा लेख टाकण्याआधी त्या पानावर नजर फिरवा.

आता एक नमुना घेऊ. रचलेलाच आहे, पण अशी पानं मी बरीच वाचली आहेत.

'मंगळवारी धाकट्या नणंदेचा फोन आला. ती बँकेत आहे, नुकतीच बदली झाली. म्हणाली, दादाला सांग, बाबांना मी नाही ठेवू शकणार, माझ्याकडे दोनच खोल्या आहेत. मागे टीव्ही मोठ्याने चालू होता. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि घासलेली भांडी परत घासली.'

यात बँक, बदली, 'धाकटी' आणि मंगळवार ताबडतोब जाऊ द्या. ते काढल्याने लेखाचं केसभरही नुकसान होत नाही. वारामुळे तर फोनमधली नोंद जुळते. टीव्ही राहू द्या. टीव्ही सगळ्यांकडे असतो आणि त्या आवाजात बरंच काही आहे. नणंदेच्या जागी बहीण घालावी का? सुचतं तसं, पण मग सगळा डोलारा फिरतो. इथे लेक स्वतःच्या वडिलांना नाही म्हणते आहे आणि ऐकणारी सून आहे. नातं बदललं की दोष दुसऱ्याच जागी जाऊन बसतो. ज्या तपशिलावर गोष्टीचा भार आहे, तो बदलायचा नाही. तो झाकता येत नसेल, तर लेखच ठेवून द्यायचा.

आणि ती नणंदच यादीत असेल तर? मग यातलं काहीही बदलून उपयोग नाही. माणूस स्वतःचं वाक्य ओळखतं. बँकेचं पोस्ट ऑफिस करा, खोल्या तीन करा, 'मी नाही ठेवू शकणार' हे तिचं तिला ऐकू येणारच. अशा वेळी तिचं सगळं काढून फक्त तुमचं ठेवायचं:

'उत्तर नाही असं आलं. कारणही खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर घासलेली भांडी मी परत घासली.'

मला तर हा मजकूर पहिल्यापेक्षा बरा वाटतो. पण नेहमी असं होत नाही. काही वेळा दुसऱ्याचं काढल्यावर हातात काहीच उरत नाही. मग समजायचं, की ती गोष्ट आपली नव्हतीच.

काळ हा सगळ्यात स्वस्त पडदा. घडलं त्या आठवड्यात टाकू नका. सहा महिन्यांनी टाका आणि 'आज', 'काल', 'परवा' काढून टाका. सण, निवडणूक, परीक्षेचे निकाल, नळाला पाणी नसल्याचे दिवस, यांनी तारीख चिकटते, तेही बघा. ब्लॉगच्या परिचयात एक ओळ लिहून ठेवा, की काही तपशील बदललेले आहेत. वाचकाला फसवल्याची टोचणी त्याने कमी होते. फक्त लोकांनी मदत करावी, पैसे द्यावेत किंवा औषध घ्यावं अशा गोष्टींत एकही तपशील बदलायचा नाही. तिथे बदल म्हणजे लबाडी.

आतला परीक्षक

2013 मध्ये फेसबुकच्या 39 लाख वापरकर्त्यांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सतरा दिवसांत त्यांतल्या 71 टक्क्यांनी निदान एकदा तरी काहीतरी टाइप करून न टाकताच सोडून दिलं होतं. कोण वाचणार हे जिथे नक्की नव्हतं, तिथे हे जास्त झालं. मला यात नवल वाटत नाही. नक्की कोण वाचतं आहे हे माहीत नसलं, की आपण सगळ्यात कडक वाचक गृहीत धरतो. पण या अभ्यासातली दुसरी बाब जास्त उपयोगाची आहे. आपण खोडलं, हे त्या खिडकीला कळलं होतं. काय लिहिलं ते साठवलं नसेल, पण लिहून सोडलं एवढं नोंदलं गेलं. म्हणून पहिला खर्डा ब्लॉगच्या खिडकीत लिहू नका. कागदावर लिहा किंवा इंटरनेट बंद करून साध्या फाइलमध्ये.

हा खर्डा कुणालाही दाखवायचा नाही, असं ठरवून लिहा आणि सगळी नावं खरी लिहा. मग एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी समासात खुणा करत वाचा. माझ्या तीन खुणा आहेत. जे छापायला भीती वाटते तिथे 'भी'. जे वाचून दुसऱ्या कुणाला लागेल तिथे 'दु'. ज्याची मला स्वतःला लाज वाटते तिथे 'ला'.

'ला'च्या जागा शक्यतो ठेवायच्या. आजाऱ्याची सेवा करताना 'सुटला एकदाचा तर बरं' असं मनात येऊन गेलं, हे लिहायला लाज वाटते आणि वाचणाऱ्या दहा जणांना तेच हवं असतं. 'दु'च्या जागी दुसऱ्याचा विचार करून कापायचं. तुम्हाला टोपणनाव आहे, त्याला नाही. तुम्ही झाकून बसला आहात आणि तो उजेडात उभा आहे. मुलांच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे. जे मूल वाचून नको म्हणू शकत नाही, त्याचा हट्ट, अंथरूण, मार्क, यातलं काहीही नाही.

वेळ खाते ती 'भी'. भीती वाटली तिथे विचारायचं, की नेमकं काय होईल? कोण, काय करेल? 'लोक काय म्हणतील' हे उत्तर नव्हे. 'साहेब वाचतील आणि नोकरी जाईल' हे उत्तर आहे, आणि ही भीती खोटी नाही. 2002 मध्ये हेदर आर्मस्ट्राँग या अमेरिकी ब्लॉगरची नोकरी ब्लॉगवर सहकाऱ्यांबद्दल लिहिल्यामुळे गेली. तिच्या ब्लॉगचं नाव 'डूस', म्हणून अशी नोकरी जाण्याला इंग्रजीत 'डूस्ड' हा शब्दच पडला. नेमकं उत्तर आलं तर कापा. दोन वेळा विचारूनही नुसती हुरहुर उरली, तर वाक्य ठेवा.

खुणा न करताही परीक्षकाची कात्री कुठे चालली, ते ओळखता येतं. 'मला वाईट वाटलं' लिहायचं तिथे 'आपल्याला वाईट वाटतंच ना' आलं आहे का बघा. तो 'आपण' बहुतेक वेळा 'मी'ला लपवायला आणलेला असतो. 'काही जण', 'असं म्हटलं जातं', मधूनच मारलेला विनोद, ही तीच जात. आणि 'असो'. मुद्रितं वाचताना परिच्छेदाच्या शेवटी 'असो' दिसलं, की मी वरच्या ओळीवर परत जाते. तिथे काहीतरी गिळलेलं हमखास असतं. स्वतःच्या खर्ड्यातले सगळे 'असो' शोधा आणि प्रत्येकाच्या जागी काय लिहायचं राहिलं, ते कागदावर तरी लिहा. ब्लॉगवर घालायचं की नाही, ते नंतर बघू.

उघडं पडलं तर

पडू शकतं, हे धरूनच चाला. न्यायालयाच्या भरवशावर राहू नका. 2009 मध्ये लँकेशायरच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या निनावी ब्लॉगला ब्रिटनचा ऑर्वेल पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी एका वृत्तपत्राने त्याचं नाव छापायचं ठरवलं. ते थांबवायला तो न्यायालयात गेला. ब्लॉग लिहिणं मुळातच जाहीर कृत्य आहे, त्यात खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि नाव छापलं गेलं. वार्ताहर त्याच्या ईमेल खात्यात शिरला होता, हे नंतर बाहेर आलं, तोवर ब्लॉग बंद झाला होता. त्याच 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने गूगलला एका निनावी ब्लॉगरची ओळख द्यायला लावली, कारण ब्लॉगवर एका मॉडेलबद्दल शिवराळ मजकूर होता. ज्याची बदनामी होते, तो न्यायालयात जाऊ शकतो. टोपणनावाने कायदा लागू व्हायचा थांबत नाही.

म्हणून शांत असताना तीन-चार वाक्यं लिहून ठेवा. यादीतल्या पहिल्या माणसाने 'हे तू लिहितेस?' असं विचारलं, तर काय बोलायचं? खोटं बोलणार असाल, तर ते पुढे किती जणांपुढे चालवावं लागेल, याचा अंदाज घ्या. मी कबूल करायचं ठरवलं आहे आणि कुठल्या लेखाबद्दल आधी बोलायचं तेही ठरवलं आहे. घाबरून सगळा ब्लॉग पुसून टाकू नका. पानांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी उरतात आणि घाईने पुसल्याची बातमी मूळ लेखापेक्षा मोठी होते. फार तर तोच एक लेख मागे घ्या.

आपण होऊन सांगायचा रस्ताही आहे. लंडनमधल्या देहविक्रयाच्या दिवसांवर 'बेल द जूर' या नावाने 2003 पासून लिहिणारी बाई कोण, याचा वृत्तपत्रं सहा वर्षं शोध घेत होती. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रूक मॅग्नांटी या संशोधिकेने मुलाखत देऊन स्वतःच सांगितलं. सांगायचं असेल, तर यादीतल्या माणसांना जाहीर व्हायच्या आधी सांगा, एकेकाला, आणि शक्यतो समोर बसून.

ब्लॉग कधी बंद केलात, तरी डोमेनची मुदत संपू देऊ नका. संपली की ते कुणीही विकत घेऊ शकतं आणि तुमच्या टोपणनावाखाली जुगाराच्या जाहिराती लागतात. दर वर्षी त्याचे पैसे भरत राहा, पान कोरं ठेवा. ब्लॉगचा पासवर्ड एका माणसाला मिळेल अशी सोय करा. ते माणूस यादीत नसावं, आणि तुमच्या माघारी ते पान ठेवायचं की काढायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवा.